चाळीतल्या पोरांची बाई : डॉ. मारिया माँटेसरी

(विहाराच्या वर्धापनदिनी बालवाडीच्या पालकांपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण आपल्या महापुरुषांच्या कार्याचा आढावा घेतो. यंदा कार्यकारिणीने आम्हाला बालवाडीवर बोलायला सांगितले. बालवाडीवर बोलायचे तर कोणावर बोलावे, असा प्रश्न आमच्यापुढे पडला. क्रांतीज्योती सावित्रीमाईंवर तीन जानेवारीला आपण बोलतोच. म्हणून आज आम्ही अशा एका बाईबद्दल बोलणार आहोत की जी आपल्या देशाची नाही, आपल्या धम्माची नाही, आपल्या भाषेची तर नाहीच नाही. ती इटलीची. तिचे नाव मात्र तुम्ही रोज वाचता. स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला नव्या टॉवरखाली बोर्ड आहे, त्यावर मोठ्या अक्षरात 'माँटेसरी' लिहिलेले आहे. आत पोरांना टाय लावतात आणि वर्षाची फी ऐकली की गिरणीतल्या माणसाला घाम फुटतो.

ते नाव जिचे आहे, त्या डॉ. मारिया माँटेसरीची पहिली शाळा श्रीमंतांच्या वस्तीत नव्हती. ती कामगारांच्या चाळीत होती. हे आम्हाला फार उशिरा कळले. आम्ही काही कॉलेजात गेलेलो नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचे रात्रशाळेत, आणि त्यापुढचे जे काही असेल ते ग्रंथालयाच्या बाकावर. गिरणी बंद पडल्यावर वेळच वेळ होता. त्या वेळात जी पुस्तके हाताला लागली त्यांत ही बाई भेटली. वाचता वाचता आमच्या मनात आले, अरे, ही तर आपल्याच चाळीची गोष्ट आहे.

तिचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. वडील सरकारी नोकर, आई वाचनाची आवड असलेली. त्या काळी मुलीने शिक्षिका व्हावे एवढीच मोठी झेप समजत. ही म्हणाली, मी डॉक्टर होणार. रोमच्या विद्यापीठात वैद्यकीला गेली तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांबरोबर प्रेताची चिरफाड करायची परवानगी बाईमाणसाला नव्हती, कारण ते असभ्य समजले जाई. मग सगळे घरी गेल्यावर हिने एकटीने, दिव्याच्या उजेडात, प्रेतापुढे उभे राहून अभ्यास करायचा. वर्गाबाहेर ठेवलेल्या माणसाचा अभ्यास कसा असतो ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे इटलीतर्फे ती बोलायला उभी राहिली. विषय कोणता? तर कामगार स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे. १८९६ साली, बंधूंनो! आमच्या गिरण्यांत वाइंडिंगच्या बायांना काय मिळायचे आणि शेजारच्या खात्यातल्या पुरुषाला काय मिळायचे, ते इथे पुढच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंना विचारा.

डॉक्टर झाल्यावर तिचे काम पडले ते मंदबुद्धी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मुलांशी. एका रिकाम्या खोलीत ही मुले ठेवलेली. सांभाळणारी बाई तक्रार करी की जेवण झाले तरी ही पोरं जमिनीवरचे पावाचे कण वेचत बसतात, हावरट आहेत. माँटेसरीने खोलीत नजर फिरवली. तिथे हातात धरायला दुसरी वस्तूच नव्हती. ना खेळणे, ना काही. तिने ओळखले की पोरं पोटाने भुकेली नाहीत, हाताने भुकेली आहेत. त्यांना हाताळायच्या वस्तू देऊन तिने त्यांच्यातल्या काहींना लिहाय-वाचायला शिकवले आणि ती मुले साध्या शाळेतल्या मुलांबरोबर परीक्षेला बसून पास झाली. लोक तिचे कौतुक करू लागले. ही मात्र उलटा विचार करीत बसली, की माझी ही मुले एवढे करू शकतात, तर धडधाकट मुलांचे शाळांनी काय करून ठेवले आहे?

आता चाळीकडे येऊ. रोममध्ये सान लोरेन्झो नावाचा भाग आहे. तिथे इमारती बांधण्याची मोठी लाट आली आणि मध्येच तो धंदा बुडाला. इमारती अर्धवट राहिल्या. त्यांत गरीब माणसे शिरली. एक खोली भाड्याने घ्यायची, तिच्यात आणखी पोटभाडेकरू ठेवायचा, त्याने आपल्या कोपऱ्यात आणखी एकाला जागा द्यायची. उजेड नाही, पाणी नाही. आमच्या गाळ्यांत एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा बाप्ये पाळीपाळीने झोपत, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर पडे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सान लोरेन्झोचा नकाशा काढून दाखवायची गरज नाही.

पुढे एका बांधकाम कंपनीने यातल्या काही इमारती दुरुस्त केल्या आणि काम करणाऱ्या कुटुंबांना भाड्याने दिल्या. आई-बाप दोघे सकाळी कामाला जात. शाळेच्या वयाची मुले शाळेत. राहिली तीन ते सहा वर्षांची पोरं. ती जिन्यांत हुंदडत, नव्या भिंतींवर रेघोट्या ओढत. कंपनीने हिशेब केला. भिंती रंगवायला जो पैसा जातो त्यात पोरांना एका खोलीत सांभाळायला बाई ठेवता येईल. म्हणजे बघा, ज्या शाळेचे नाव आज जगभर घेतात, तिचा उगम मालकाच्या रंगाच्या खर्चात आहे. मालकाला पोरांचा कळवळा नव्हता, भिंतीचा होता. या कामासाठी त्यांनी माँटेसरीला विचारले. तिच्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले असतील, काय हे बालवाडी चालवायचे काम! ती गेली. ६ जानेवारी १९०७ रोजी त्या चाळीतली एक खोली उघडली. पन्नासएक पोरं होती. रडकी, घाबरलेली, कोणाशी न बोलणारी. शिकवायला ठेवलेली बाईसुद्धा कामकरी घरातलीच, शिक्षिकेचे प्रशिक्षण नसलेली. माँटेसरीने त्या खोलीला शाळा म्हटले नाही. 'मुलांचे घर' म्हटले.

आम्हाला त्या घराचे नियम फार आवडले. भिंतीला लावलेले असत. फी काही नाही. मात्र आई-बापाने मुलाला आंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत, वेळेवर पाठवायचे. आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंना भेटून मुलाची हकीकत सांगायची. बाईंचा मान ठेवायचा. आणि बाईंनी राहायचे कुठे? त्याच इमारतीत, त्याच भाडेकरूंमध्ये. बाहेरून येऊन उपदेश करून जाणारी बाई नको. कामाला जाणाऱ्या आईने पोर निर्धास्त सोडून जावे, श्रीमंत बाई दाईच्या हाती सोडून जाते तसे, हे सुख गरीब बाईलाही मिळाले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

या घरातली एक गोष्ट आम्ही आमच्या नातवंडांना नेहमी सांगतो. एके दिवशी माँटेसरीने ठरवले की आज नाक कसे शिंकरायचे ते शिकवू. हसू नका! तिने हातरुमाल काढला, तो कसा धरायचा, आवाज न करता, कोणाला किळस न येता नाक कसे पुसायचे, हे सावकाश करून दाखवले. पोरं एकटक बघत होती. संपल्यावर सगळ्यांनी एकदम टाळ्यांचा कडकडाट केला. ती चकित झाली. मग तिच्या लक्षात आले. या पोरांना शेंबडी, शेंबडी म्हणून जन्मापासून सगळे हिणवत आले, पण नाक कसे पुसायचे हे एकानेही कधी शिकवले नव्हते.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना घाणेरडे म्हणून लांब ठेवले आणि पाण्यालाही हात लावू दिला नाही. पाणी द्यायचे नाही आणि अस्वच्छ म्हणायचे. त्या रोमच्या चाळीतल्या पोरांनी टाळ्या का वाजवल्या, ते आपल्याइतके कोणाला कळणार?

दुसरी गोष्ट एका तीन वर्षांच्या मुलीची. लाकडाच्या ठोकळ्यात भोके, त्यात कमीजास्त जाडीचे लाकडी दट्टे बसवायचे, असे एक साधन होते. ती मुलगी ते काढून बसवीत होती, पुन्हा काढीत होती. माँटेसरीने मोजायला सुरुवात केली. मध्ये इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, मुलीची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. मुलीचे लक्ष नाही. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केले आणि मग आपणहून थांबली, झोपेतून ताजी होऊन उठावी तशी. आमच्या साच्यावरचे जुने विणकर असेच होते. चार साचे धडधडताहेत, शेजारी कोणी बोलतोय, पण तुटलेला धागा जोडताना त्यांना दुनिया दिसत नसे. त्याला कोणी एकाग्रता म्हणाले नाही, कारण ते मजूर होते.

आणखी एकदा बाईंना यायला उशीर झाला. सामानाच्या कपाटाला कुलूप घालायचे राहून गेले होते. येऊन बघते तो पोरांनी आपापले सामान काढून काम सुरू केलेले. बाईंना वाटले ही चोरी, शिक्षा करावी. माँटेसरी म्हणाली, नाही, कोणाला काय हवे ते यांना कळते. तेव्हापासून उंच कुलपाची कपाटे गेली आणि पोरांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

मग एके दिवशी चाळीतल्या दोन-तीन बाया तिच्याकडे शिष्टमंडळ घेऊन आल्या. स्वतः निरक्षर. त्या म्हणाल्या, आमच्या पोरांना लिहाय-वाचायला शिकवा. माँटेसरीच्या मनात ते नव्हते, एवढ्या लहान वयात कशाला, असे तिला वाटे. पण आयांनी हट्ट धरला. मग तिने पॉलिशपेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. पोरांनी बोट फिरवायचे आणि आवाज म्हणायचा. १९०७ च्या डिसेंबरात गच्चीवर ऊन होते, तिने एका मुलाला खडू देऊन धुराडे काढायला सांगितले. त्याने काढले, आणि मग आनंदाने ओरडत शेजारी शब्दच लिहू लागला. त्याचे बघून दुसरा, तिसरा. जमीन, भिंती, दारे, जिथे जागा मिळेल तिथे अक्षरे. ज्या भिंती खराब होऊ नयेत म्हणून मालकाने शाळा काढली, त्याच भिंतींवर पोरांनी लिहून ठेवले. आम्हाला तर यात फार गंमत वाटते. पण मुद्दा असा की ही मागणी डॉक्टरीणबाईची नव्हती, निरक्षर आयांची होती. त्या दोन-तीन बायांची नावे इतिहासात नाहीत.

हे सगळे बाहेरचे. आता तिच्या घरचे थोडे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही बाई कळत नाही. काही मंडळी म्हणतील विहारात हा विषय कशाला. आम्हाला वाटते, विहारातच बोलला पाहिजे.

ज्या काळात ती मंदबुद्धी मुलांत काम करीत होती, त्या काळात तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टरशी तिचे प्रेम जमले. लग्न झाले नाही. ३१ मार्च १८९८ रोजी तिला मुलगा झाला, मारिओ. लग्नाशिवायचे मूल उघड झाले असते तर तिची डॉक्टरकी, तिचे काम, सगळे संपले असते. पुरुषाचे काहीच गेले नसते, त्याने पुढे दुसरीशी लग्नही केले. तिने मूल रोमजवळच्या खेड्यात एका कुटुंबाकडे वाढायला दिले. अधूनमधून जाऊन ती त्याला बघून येई, पण आई म्हणून नाही. म्हणजे १९०७ साली चाळीतल्या पन्नास पोरांची नाके पुसणाऱ्या बाईचे स्वतःचे पोर त्या वेळी दुसऱ्याच्या अंगणात वाढत होते. तिची आई वारल्यानंतर, मारिओ पंधरा वर्षांचा असताना, तिने त्याला घरी आणले. मारिओने पुढे सांगितले की ही आपली आई आहे हे त्याने स्वतःच ओळखले होते आणि तोच तिच्याबरोबर निघाला. तरीही चारचौघांत कित्येक वर्षे तो तिचा भाचाच होता.

आयाबायांनो, तिला नावे ठेवायची घाई करू नका. आपल्यातल्या कितीतरी बायांनी गिरणीत वाइंडिंगला, रीलिंगला जायचे म्हणून दूध तुटलेले पोर गावी आजीपाशी ठेवले. सातारा, रत्नागिरी, नगर. वर्षातून एकदा एस. टी. ने जायचे, तर पोर आजीच्या पदराआड लपणार आणि आईला 'ही कोण' विचारणार. या सभागृहात पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत त्यांतले निम्मे तरी आजीने वाढवलेले आहेत. आम्हीही. म्हणून आम्ही म्हणतो, आजीचे उपकार ते वेगळेच.

यासाठीच बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. कामकरी बाईला प्रसूतीच्या काळात पगारी विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्या वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. कुठल्या गिरणीत पाळणाघर कसे चालायचे यावर आम्ही आता बोलत नाही, त्याला वेगळी सभा लागेल.

माँटेसरीचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १९२४ पासून मुसोलिनीने तिच्या शाळांना आश्रय दिला आणि तिने तो घेतला. पोरांच्या शाळा चालाव्यात म्हणून घेतला असे तिचे चाहते सांगतात. हुकूमशहाचा आश्रय फुकट नसतो, हे कामगार चळवळीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. अखेर जमले नाही. स्वतःच्या डोक्याने चालणारी पोरं हुकूमशहाला काय कामाची? १९३४ साली इटलीतल्या तिच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत हिटलरनेही तेच केले. स्पेनमध्ये होती तर १९३६ ला तिथे यादवी पेटली, मग ती हॉलंडला गेली. साठी उलटलेली बाई बोचके घेऊन देशोदेशी फिरत होती.

१९३९ च्या शेवटी, एकोणसत्तराव्या वर्षी, ती आपल्या देशात आली. मद्रासच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीने शिक्षकांचा वर्ग घ्यायला बोलावले होते. बरोबर मारिओ. थोड्या महिन्यांसाठी आली होती, पण महायुद्ध सुरू झाले होते. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली आणि इथल्या इंग्रज सरकारच्या लेखी सगळे इटालियन शत्रू झाले. मारिओला पकडून कुठे ठेवले ठाऊक आहे का? आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कैद्यांच्या छावणीत. म्हातारीला अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केले. त्या वर्षी ३१ ऑगस्टला तिला सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत, अशा अर्थाची. तारेत 'मुलगा' असा शब्द होता. बेचाळीस वर्षे जो शब्द तिला उघड बोलता आला नव्हता, तो सरकारी तारेने बोलून टाकला. त्यानंतर तो उघडपणे तिचा मुलगा म्हणूनच वावरला.

पण चार नातवंडे हॉलंडमध्येच राहिली होती. तिथे जर्मन फौजा घुसल्या. एका स्नेही कुटुंबाने त्यांना सांभाळले. १९३९ ते १९४६, सात वर्षे आजी इकडे कोडाईकनालच्या डोंगरात दुसऱ्यांची पोरं जमवून शाळा चालवतेय आणि स्वतःची नातवंडे तिकडे लढाईत. भारतात तिने हजारावर शिक्षक तयार केले. युद्ध संपल्यावर ती परत गेली, नातवंडांना भेटली आणि १९४७ मध्ये पुन्हा भारतात आलीच. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावी ती वारली. मारिओ सांगत असे की, शेवटच्या दिवशीसुद्धा आफ्रिकेत जाऊन शिक्षक तयार करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांची बाई! तिची एक नात, रेनिल्डे, पुढे आजीचेच काम करीत राहिली. १९९० साली इटलीने हजार लिराच्या नोटेवर तिचे चित्र छापले.

आता मंडळी म्हणतील, हे सगळे गोऱ्यांचे, आमच्या बालवाडीशी याचा संबंध काय? संबंध आहे. तिचे शिक्षण आपल्याकडे आणले ते गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंनी १९३६ साली इथे दादरला शिशुविहार काढले. पण त्यांच्या लक्षात आले की महागड्या लाकडी साधनांचे माँटेसरी शिक्षण पैसेवाल्यांचेच होऊन बसेल. म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेली, स्वतःच्या जिद्दीने शिकलेली बाई. इंपोर्टेड साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, मातीचे मणी आले. तरी दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघी म्हणाल्या, पोर येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात नेऊ. त्यांनी अंगणात जाऊन पोरांना आंघोळी घातल्या, नखे कापली, केस विंचरले आणि तिथेच शिकवले. ती अंगणवाडी! १९५७ पासून पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी हेच काम चालवले, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाई १९७३ ला गेल्या. तारीख ३१ ऑगस्ट, माँटेसरीच्या जन्माचीच. अनुताई १९९२ ला गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेले.

नाव गेले, पण पगार गेला नाही. अंगणवाडीच्या ताईला सरकार वेतन देत नाही, 'मानधन' देते. मान किती आणि धन किती, ते आपल्या ताईंना विचारा. ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना आहे हे सांगायला सुप्रीम कोर्टाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या ताई आणि मदतनीस संपावर गेल्या तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणत होते, पोरं सांभाळायला काय पगार मागायचा. ज्यांनी १९८२ चा संप भोगला त्यांच्या घरातून हे बोलणे आले, याचे आम्हाला नवल वाटले.

आणखी एक. बाबासाहेबांच्या घटनेतले मूळ ४५ वे कलम होते, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. 'सर्व मुलांना', म्हणजे त्यात तीन-चार वर्षांचे पोरही आले. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, चांगले झाले, पण तो सहा ते चौदा वयाला. २००९ च्या कायद्यातही तेच. सहाच्या खालचे पोर हक्कातून वगळले आणि 'राज्य प्रयत्न करील' या भाषेत जाऊन बसले. त्याच्या हक्कासाठी कोर्टात जाता येत नाही. मग त्या पोराच्या नावाने कोण बोर्ड लावतो? तो स्टेशनकडच्या रस्त्यावरचा.

आता ज्याच्यासाठी आम्ही एवढे लांबण लावले ते सांगतो. विहाराच्या सभेपुढे एक सूचना आलेली आहे. सकाळचे नऊ ते बारा आपला खालचा हॉल एका इंग्रजी नर्सरीला भाड्याने द्यावा. भाडे चांगले येईल, त्यातून विहाराचे छप्पर आणि रंगकाम होईल. बालवाडीत आता अकराच पोरं उरलीत, ती वरच्या गॅलरीत बसवावीत. सूचना मांडणारे आमचेच कार्यकर्ते आहेत, त्यांच्या हेतूबद्दल आमची शंका नाही. छप्पर गळते हे खरे आहे. पण अकरा का उरली तेही बघा. धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, कुरिअर पोचवणारी माणसे नर्सरीची फी भरू शकत नाहीत, त्यांची ही अकरा आहेत. बाकीच्यांनी कर्ज काढून पोरं तिकडे घातली. त्यांतल्या एकीने परवा आम्हाला सांगितले की, पोर सहा महिने गप्प बसते, कारण मराठीत बोलले की ओरडतात आणि इंग्रजी त्याला येत नाही. इंग्रजीला आमचा विरोध नाही, बाबासाहेबांच्या लेकरांनी ते शिकलेच पाहिजे. पण तीन वर्षांच्या पोराची वाचा बंद करून कोणती भाषा येते, ते आम्हाला कोणी समजावून सांगावे.

रोमच्या मालकाने भिंत वाचवायला पोरांना खोली दिली. आपण भिंत रंगवायला पोरांची खोली काढून घ्यायची, असा हा व्यवहार होतो. छपरासाठी आम्ही वर्गणीचे पावतीपुस्तक छापून घेतले आहे. गिरणीच्या आमच्या जुन्या खात्यातल्या सतरा जणांनी पहिल्या पावत्या फाडल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची गिरणीतली देणी अजून मिळायची आहेत.

ताईंनी सामानाची यादी दिलीय. बुटकी कपाटे दोन. आपल्यात सुतारकाम करणारे चौघे आहेत, त्यांनी आजच नावे द्यावीत. पॉलिशपेपर, पुठ्ठे, शिंपले, चिंचोके, जुन्या साड्यांचे स्वच्छ तुकडे रुमालासाठी. आठवड्यातून एकदा आईने किंवा आजीने ताईंना येऊन भेटायचे, वार शनिवार ठेवला आहे. ज्या आज्या घरी असतात त्यांनी रोज एकीने येऊन पोरांजवळ बसावे, गोष्ट सांगावी, ओवी म्हणावी. त्यासाठी डी. एड. लागत नाही.

सूचनेवरची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वंदनेनंतर आहे. सभासदांनी यायचेच, पण बालवाडीच्या अकरा पोरांच्या आयांनीही यावे. त्या सभासद नाहीत म्हणून त्यांना बोलू द्यायचे की नाही असा प्रश्न कोणी काढला, तर तो आम्ही अध्यक्षांपुढे मांडू. एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो. जयभीम.